पाणी कुणी पाजलं

नदीकडच्या पट्टीतलं येसाजीचं भात पिकून उभंच वाळत होतं. त्या साली पावसानं गौरी-गणपतीपासूनच पाठ फिरवली होती. वरच्या खाचरांतलं पीक निम्मं पोचट निघालं. नदीच्या ओलीला होतं तेवढंच काय ते भरलं. आणि आता तेही विळा लागायच्या आत गळत होतं. बांधावरून नुसतं चाललं तरी पायाला लोंब्या घासत आणि दाणे झडून भेगांत जात.

शेलू गावात कापायला माणूस उरलं नव्हतं. मानमोडीच्या तापाची साथ आली ती नवरात्रात, मुंबईहून. ज्या घरात शिरली तिथली माणसं रांगेनं आडवी झाली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येसाजीची बायको भागी गेली. तिच्या मागोमाग, दोन दिवसांनी, अकरा वर्षांचा विठू गेला. त्याला पोचवून आल्यावर येसाजीनंही अंथरूण धरलं होतं. तो उठला, पण अजून विळा ओढताना त्याच्या पोटऱ्या कापत. दोन वाफे कापले की तो बांधाला टेकून उभा राही आणि कुणी हाक मारली तरी त्याला ऐकू जात नसे.

घरात आता तिघंच होती. येसाजी, आठ वर्षांची चांगुणा, आणि येसाजीची थोरली बहीण धोंडूबाई. धोंडूबाई वांगणीची विधवा. भागी आणि विठू पडल्याचं कळल्यावर ती दोघांचं करायला म्हणून आली होती आणि दोघांनाही पोचवून बसली होती. तिचे हात दिवसभर चालत आणि तोंडही चाले.

"बघ, आजबी," ती सकाळी वाकळ उचलून म्हणाली. "पार खालपतूर. आठ वर्सांची घोडी झाली."

चांगुणा भिंतीला लागून उभी होती. ओला परकर मांड्यांना चिकटला होता. आई गेल्यापासून एक सकाळ सुकी गेली नव्हती. धोंडूबाईनं राख फासून पाहिली, जोंधळ्याची लाही चारून पाहिली, उलथण्याचा चटकाही दाखवून झाला. पोर बोलायची नाही. सांगितलं ते काम करायची, आणि दुसऱ्या दिवशी वाकळ पुन्हा ओली.

"तिला जनात उभी केल्याबिगर जायचं नाय हे," धोंडूबाई म्हणाली. "आमच्यात एकीला केली व्हती. एका दिसात सुदारली."

येसाजी विळ्याला धार लावत होता. त्या सकाळी आपल्याला राग आला होता का, हे पुढं कितीदा आठवूनही त्याला सांगता आलं नाही. अंग दुखत होतं एवढं खरं. तो उठला, वाकळ घडी करून चांगुणेच्या डोक्यावर ठेवली, तिचा दंड धरला आणि तिला विहिरीवर नेलं.

"हितं उभी ऱ्हा. बायांचं पानी भरून झाल्याबिगर हलायचं नाय."

एरवी त्या वेळेला विहिरीवर पंधरा-वीस बाया असायच्या. आता चौघीच होत्या, आणि त्यांतल्या दोघींची कपाळं उघडी होती. कुणी हसलं नाही. एकीनं पदर तोंडावर ओढला आणि हंडा अर्धाच भरून ती चालू लागली. वाकळीतला ओघळ चांगुणेच्या कानामागून गळ्यात उतरला. तिनं तो पुसला नाही. दोन्ही हातांनी वाकळ धरून ती उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी वाकळ सुकी निघाली. तिसऱ्या दिवशीही.

"सांगितलं नव्हं मी?" धोंडूबाई म्हणाली. येसाजीनं मान हलवली आणि तो शेताकडं गेला.

*

कोंडी आली ती त्याच दिवशी. माथेरानच्या पायथ्याच्या वाडीतली ठाकरीण. दरसाल कापणीला तिच्या वाडीतली दहा-बारा माणसं शेलूत उतरत. यंदा ती एकटीच आली, हातात विळा आणि खांद्याला वाळक्या भोपळ्याचा, पाण्यानं भरलेला तुंबा.

"धाऊ कुठंय?" येसाजीनं विचारलं. धाऊ तिचा नवरा. दरसाल येसाजीचे भारे तोच वाही.

"धाऊ नाय आता." ती खाली बसून विळ्याची मूठ पाहू लागली. "लहानगं पन नाय. एकोनीस घरां व्हती, सात बंद झाली. कापायचां काय सांग."

तिनं कापायला घेतलं. कमरेत वाकून ती अशी जाई की मागं धसकटं एका उंचीची राहत. येसाजी तिच्या मागं राहू लागला. धोंडूबाई पेंढ्या बांधी, चांगुणा त्या उचलून बांधावर नेई. दुपारी सगळी भाकरीला थांबली की कोंडी आधी करवंदीच्या जाळीआड जाई. तिच्या छातीला अजून दूध येत होतं; ते ती मातीत पिळून टाकी आणि चोळी आवळत परत येई. धोंडूबाईच्या ते ध्यानात आलं होतं. ती एरवी कोंडीच्या ओंजळीत वरून पाणी ओती. त्या दिवसापासून ओतताना तिचा हात जरा खाली येऊ लागला.

चांगुणा कोंडीच्या आसपास घोटाळे. बोलणं नाही. नुसती तिच्या मागच्या ओळीत राही आणि कोंडी उभी राहिली की उभी राही. कोंडी तिला पेंढीचे बंद वळायला शिकवी.

"असां पीळ. उलटा नको. हां. आता ताकदीन आवळ. तुज्या आतेपरीस बरी बांधशील तू."

चौथ्या दिवशी दुपारी कोंडी येसाजीजवळ येऊन बसली.

"येसाजी, तुजी पोर पानी पीत नाय."

"पेत आसंल घरी."

"चार दीस बघते. भाकर कोरडी गिळते. आते तांब्या देते, ही व्हट वल्ले करते आन बाकी मागल्या मागं वतून टाकते. सकाळपासना एकदा पन आडोशाला गेली नाय. व्हट बघ तिचं."

येसाजीनं बांधाकडं पाहिलं. चांगुणा पेंढी उरावर धरून चालली होती. उन्हात तिचा चेहरा लहान झाल्यासारखा वाटला. ओठांवर पांढरी साल धरली होती.

"वाकळ भिजू नये म्हून करीत आसंल," तो म्हणाला, आणि बोलता बोलताच, विहिरीवर उभं केल्यापासून काय झालं होतं ते त्याला कळलं. 

"त्येवढांच नाय," कोंडी म्हणाली. "इचारते मी तिला. सांगल कदी ना कदी."

सांगायला दुसरा दिवस उजाडला. ऊन असं होतं की विळ्याचं पातं हाताला चटके देत होतं. चांगुणा पेंढी घेऊन बांधाला चढली आणि चढतानाच बसली. मग पेंढीवरच कलंडली. कोंडीनं विळा टाकला आणि धावत जाऊन तिला उचललं. तिला आंब्याखाली निजवलं, तुंब्यातल्या पाण्यानं पदर भिजवून कपाळावर ठेवला. हाताची कातडी चिमटीत धरली ती तशीच वर राहिली.

धोंडूबाई रिकामा तांब्या भरून आणायला घरी पळाली. येसाजी खाचरातून येईपर्यंत कोंडी पोरीच्या तोंडाशी कान लावून बसली होती. चांगुणा काहीतरी पुटपुटत होती. कोंडी मधेच "हां" म्हणे, आणि ऐके. मग तिनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि येसाजीला म्हणाली, "तू जरा तिकडां चल."

ती दोघं बांधापलीकडं गेली.

"तुजी बायको ज्या दिवशी मेली," कोंडी म्हणाली, "त्या दिवशी पाटं तिनां पोरीकडं पानी मागलं. आते निजली व्हती. पोरीनां तांब्या भरून दिला. तिनां सगळा पिला. आन मंग ती मेली."

येसाजीनं आंब्याखाली पोरीकडं पाहिलं.

"तू बाहेरना आलास. तांब्या बघलास. वरडलास, तापात पानी कुनी पाजलां हिला? जिनां पाजलां तिनां मारली. असां म्हनलास."

"मी?"

"पोर म्हनते."

त्याला ते आठवलं नाही. मग आठवलं. तांब्या लवंडलेला, भागीचं तोंड उघडं, धोंडूबाईचं रडणं, आणि कोपऱ्यात कणगीमागं काहीतरी हललं होतं. कुणी पाजलं हे त्यानं पुन्हा विचारलंच नव्हतं. त्याला वाटलं होतं, भागीनं स्वतःच उठून घेतलं असेल.

"ती म्हनते, पानी पिलां की मी मुतते, आन पानी दिलां की मानूस मरतां. मंग पानी कशाला."

येसाजी खाली बसला. धसकटं ढुंगणाला टोचली तरी त्याला ते कळलं नाही.

*

तांब्या आला. येसाजीनं पोरीला मांडीवर घेतलं.

"पी गं बाय. येवढं पी."

चांगुणेनं दात आवळले. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं.

"तुजी आय पान्यानं नाय मेली. आईक. मी उगाच बोललो व्हतो. पान्यानं मानूस मरत नाय."

चांगुणेनं डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. ती फक्त बघत होती की बा आता हे का म्हणतोय. पाण्यानं माणूस मरतं हे त्यानंच तर सांगितलं होतं, आणि नुसतं सांगितलं नव्हतं. आई गेल्यावर विठूच्या बाबतीत त्यानं काय केलं तेही तिनं पाहिलं होतं. तिनं मान फिरवली.

येसाजीनं तांब्या खाली ठेवला.

विठू दोन दिवस पाणी मागत होता. आधी मोठ्यानं, मग हळू, मग नुसता ओठ हलवून. भागीचं झालं तसं विठूचं होऊ नये म्हणून येसाजी स्वतः दारात बसला होता, पाण्याचा डेरा पाठीशी घेऊन. सुंठीचं चाटण तेवढं जिभेला लावायचं, असं धोंडूबाईनं सांगितलं होतं. तेवढंच लावलं. विठूची जीभ शेवटी लाकडासारखी झाली होती.

आणि त्यानंतर येसाजीला ताप भरला, तेव्हा तो गोठ्यात जाऊन पडला होता. दोघं गेली, आता आपण कशाला, म्हणून तो सरपटत गुरांच्या दोणीपाशी गेला आणि तोंड घालून पोटभर प्याला. मरायचं म्हणून प्याला. तीन दिवस तेच केलं. चौथ्या दिवशी ताप उतरला. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही सांगायचं टाळत तो रोज कापणीला जात होता.

"नेरळला डाक्तर बसतोय म्हनं," तो म्हणाला. "गाडी जुपतो."

"आन भात?" धोंडूबाई म्हणाली. "वारं सुटलंय. उद्यापतूर निम्मं भुईला आसंल. पळीच्या दांड्यानं दात उघड, मी वतते पानी."

"भुईला तर भुईला," येसाजी म्हणाला. "जाऊ दे भात."

कोंडी न विचारता गाडीत चढली आणि पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. धोंडूबाई काही बोलायला गेली; मग तिनं एक सुकी वाकळ आणून गाडीत टाकली आणि ती पाठ फिरवून घराकडं गेली.

*

नेरळला बाजाराच्या कडेला धर्मशाळेत डॉक्टर बसत होता. तरुण होता, कोट घातलेला, आणि त्याचेच डोळे तापल्यासारखे लाल होते. पुढं माणसं ओळीनं बसली होती. कुणी खोकत होतं, कुणी आणलेल्या माणसाला वारा घालत होतं. येसाजी ओळीच्या शेवटी बसला. पोर कोंडीच्या मांडीवर होती.

डॉक्टर प्रत्येकाला एक पुडी देई आणि तेच वाक्य बोले.

"पाणी द्या. मागेल तेवढं द्या. उकळून गार करून द्या."

"सायेब, तापात?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"तापातच. पाणी तोडलं तर माणूस सुकून मरेल."

"आमच्यात देत नाय."

"म्हणून तर मरताहेत तुमच्यात," डॉक्टर म्हणाला, आणि लगेच म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पुन्हा सावकाश सांगू लागला.

ओळ पुढं सरकली. पुन्हा तेच. पाणी द्या, मागेल तेवढं द्या. येसाजीनं ते किती वेळा ऐकलं कोण जाणे. त्याचे हात गुडघ्यांवर होते. कोंडीनं एकदा पाहिलं, त्याच्या नखांखाली रक्त आलं होतं. तो स्वतःचेच गुडघे दाबत होता.

त्यांची पाळी आली. डॉक्टरनं पोरीचा डोळा वर करून पाहिला, पोट दाबलं, जीभ काढायला सांगितली. तिनं काढली नाही.

"हिला ताप नाही. पाणी नाहीये अंगात. किती दिवस झाले?"

"पाच," कोंडी म्हणाली. "पीतच नाय."

"मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं घाला. पिईल. दात आवळले तरी थांबू नका, संध्याकाळपर्यंत तरतरी येईल." तो पुढच्या माणसाकडं वळला.

येसाजी उठला नाही.

"सायेब, एक काम व्हतं."

"काय?"

"हिला येक सांगाल का? माजं खरं वाटत नाय तिला." त्यानं पोरीकडं हात केला. "हिच्या आयला ताप व्हता. हिनं पानी दिलं. आय गेली. हिला वाटतंय, पान्यानं गेली."

कोंडीनं मागून त्याची बंडी धरली. "येसाजी," ती हळू म्हणाली, "ता सांगलां तर ती दुसरां पन इचारंल. पोरग्याचां इचारंल."

तिला विठूचं कुणी सांगितलं होतं ते येसाजीनं विचारलं नाही. पोरीनंच सांगितलं असणार.

"ठावं हाय," तो म्हणाला. "इचारू दे. सांगा, सायेब."

डॉक्टर खाली बसला. ओळीतली माणसं कुरकुरली. त्यानं हातानं त्यांना थांबवलं.

"नाव काय तुझं?"

"चांगुणा," कोंडी म्हणाली.

"चांगुणा, मी डॉक्टर आहे. ताप आलेल्या माणसाला पाणी द्यायचंच असतं. तू आईला पाणी दिलंस ते बरोबर केलंस. तुझ्या आईला मानमोडीनं नेलं, पाण्यानं नाही. तिला तहान लागली होती आणि तू ती भागवलीस. कळलं?"

चांगुणा त्याच्या कोटाच्या गुंड्यांकडं बघत होती.  डॉक्टरनं पेल्यात पाणी ओतलं, आधी स्वतः एक घोट घेतला आणि पेला तिच्यापुढं धरला. तिनं हात लावला नाही. मग कोंडीनं तेच पाणी आपल्या तुंब्यात ओतून घेतलं आणि तुंबा तिच्या ओठाला लावला. चांगुणेनं एक घोट घेतला. ठसका लागला. पुन्हा एक घेतला.

ओळीतला म्हातारा म्हणाला, "ठाकरनीच्या तुंब्यातनं पेते पोर." कुणी त्याच्याकडं पाहिलं नाही.

*

परत येताना बैल सावकाश चालले होते. उन्हं कलली होती. कोंडी दर थोड्या वेळानं तुंबा पोरीच्या तोंडाला लावी. येसाजी जुवाजवळ बसला होता, पाठमोरा. नदीचा उतार आला तेव्हा मागून चांगुणेचा आवाज आला. दसऱ्यापासून त्याच्याशी ती आपणहून बोलली नव्हती.

"मंग दादाला का नाय दिलं?"

येसाजीनं कासरा ओढला. बैल पाण्यात थांबले आणि तिथंच तोंड घालून पिऊ लागले.

"बा. दादाला का नाय दिलं पानी?"

"मला ठावं नव्हतं."

"तो मागत व्हता."

"व्हय."

"लई मागत व्हता. तू दारात बसलावतास."

"व्हय. मी नाय दिलं. माजं चुकलं, बाय."

बैल पीत होते. त्यांच्या घशातून पाणी उतरायचा आवाज येत होता.

"माज्याकडं बी मागितलं त्यानं," चांगुणा म्हणाली. "तू गुरांना वैरन घालाया गेलावतास तवा. तांब्या भरलेला व्हता. म्हनला, चांगे, येक घोट दे. मी नाय दिलं. तू वरडशील म्हून."

येसाजी तसाच पाण्यात उतरला. गाडीच्या कडेला येऊन त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते. त्याला वाटलं, डॉक्टरला सांगायला लावलं ते आईचं मरण पोरीवरून उतरावं म्हणून, आणि आता विठूचं चढलं.

"आईक माजं," तो म्हणाला. "ते तुजं नाय. मी वरडलो म्हून तू नाय दिलं. म्हंजी मीच नाय दिलं. आयचं मानमोडीचं. दादाचं माजं. तुजं यातलं कायबी नाय."

"मी दिलं आसतं तर?"

 कोंडीनं पोरीचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "आता नको इचारू. हाक गाडी, येसाजी."

*

घरी आल्यावर त्यानं धोंडूबाईला सगळं सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"आमच्या आयनं आमाला असंच केलं," ती म्हणाली. "आमी जगलो नव्हं?" मग सूप हातातून सुटलं आणि तांदूळ अंगणभर झाले. "मीच सांगितलं तुला. मला बोल. मला मार." ती स्वतःच्याच थोबाडीत मारून घेऊ लागली. येसाजीनं तिचे हात धरले. दोघंही तांदळात बसून राहिली, आणि मग दोघांनी मिळून तांदूळ वेचले, कारण ते वेचल्याशिवाय रात्रीचं जेवण नव्हतं.

वाकळ पुन्हा ओली निघू लागली. धोंडूबाई ती न बोलता धुई आणि मागच्या अंगाला, जाता-येता दिसणार नाही अशी वाळत घाली. चांगुणा पाणी पिऊ लागली, पण तुंब्यातलं. घरातला तांब्या पुढं केला की ती हात मागं घेई. बापाच्या हातातून तर तिनं काहीच घेतलं नाही. तो खाचरात आला की ती कोंडीच्या पलीकडच्या अंगाला जाई. येसाजी ते पाही आणि कापत राही.

दिवाळी आली आणि गेली. गावात कुणी पणती लावली नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कापणी संपली. नदीकडच्या पट्टीतलं निम्मं भात जमिनीला मिळालं होतं. पाखरं उतरली होती.

कोंडी निघाली. मजुरीचं भात तिच्या फडक्यात बांधलेलं होतं. येसाजीनं त्यात आणखी चार पायल्या घातल्या. चांगुणा तिच्या लुगड्याचा सोगा धरून गावाबाहेरपर्यंत गेली.

"मी येते तुज्यासंगं."

"माज्या घरी काय हाय?" कोंडी म्हणाली. "मी पन येकलीच." तिनं सोगा सोडवून घेतला, जोर करून. तुंबा खांद्यावरून काढला आणि पोरीला देऊ केला, पण चांगुणेनं तो घेतला नाही, आणि कोंडीनं तो पुन्हा खांद्याला लावला.

येसाजी जरा मागं उभा होता. कोंडी त्याच्याकडं आली.

"तिच्याशी बोलत जा."

"काय बोलू? ती माज्याकडं बघत नाय."

"नाय बघू दे. तू बोल. त्या दोघांचां नाव काढ घरात. तुमी कोनी नाव काढत नाय, मंग तिला वाटतां का यात कायतरी लपवायचां हाय." ती फडकं डोक्यावर घेऊ लागली. "मी पन काढते. धाऊचां काढते. पोराचां नाव ठेवलां नव्हतां अजून. त्याचां काय काढू."

ती डोंगराकडं चालू लागली. तिनं मागं पाहिलं नाही. चांगुणा ती करवंदींच्या आड जाईपर्यंत उभी राहिली आणि मग बापाच्या शेजारून, त्याला न शिवता, घरी गेली.

येसाजीनं नाव काढायचं ठरवलं. पहिले चार दिवस ते त्याला जमलं नाही. जेवताना तोंड उघडी, आणि घास तिथंच फिरत राही. धोंडूबाई त्याच्याकडं बघे आणि खाली मान घाली.

मग झोडणी लागली. खळ्यात फळी मांडली होती. येसाजी पेंढी दोन्ही हातांनी उचलून आपटी, दाणे उडत, रिकामा पेंढा तो बाजूला टाकी. चांगुणा खराट्यानं दाणे ओढत होती, त्याच्यापासून लांब, खळ्याच्या पार कडेला. भुसाची धूळ दोघांच्या अंगाला चिकटली होती. दुपार झाली होती. त्यानं पेंढी वर उचलली आणि ती वर असतानाच म्हणाला,

"विठूला मी यंदा झोडायला लावनार व्हतो."

खराटा थांबला. येसाजीनं पेंढी आपटली. एकदा, दोनदा. तिकडं बघायचं त्याला धैर्य झालं नाही.  खराट्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, चार-पाच हात फिरला, आणि मग चांगुणा दाण्यांकडंच बघत म्हणाली,

"त्याला नाय यायचं. त्याचं समदं बाहेर उडालं आसतं."

"व्हय," येसाजी म्हणाला. "उडालं आसतं."

 तिनं बाहेर उडालेले दाणे हातानं एक एक वेचून आत टाकले. येसाजीनं पुढची पेंढी उचलली.